चिकटपट्टीवर माझं नाव

मार्च. बदक, सॉसेज.

कढीपत्ता: ह्यूस्टनला जाऊन-येऊन सात तास.

एच-फोर, म्हणजे बायकोच्या व्हिसावर नोकरी करता येत नाही. गाडी चालवता येते, पण ती मला येत नव्हती.

मे. क्रॉफिश, म्हणजे तिथली गोड्या पाण्यातली कोळंबी.

'सॅ बाँ' म्हणजे छान आहे.

अन्न टाकायचं नाही.

हे सगळं एकाच फ्रीझरमध्ये होतं. नीट सांगते.

२००५च्या मार्चमध्ये माझ्या नवऱ्याला, सिद्धेशला, लुइझियानात प्रोजेक्ट मिळाला आणि आम्ही टेक्सासमधल्या अर्विंगहून लाफायेतजवळच्या एका गावात आलो. अर्विंगला एकाच जिन्यात तीन मराठी घरं होती. इथे शेजारी ओडील होती, सत्तरीची, आणि दर शुक्रवारी तिच्या पोर्चवर कॉफीला येणाऱ्या तिच्या दोन बहिणी. तिघी तिथेच जन्मलेल्या, आपसात फ्रेंच बोलायच्या. सगळा रस्ता तिला मिस ओडील म्हणायचा. मीही.

आम्ही सामान उतरवलं त्या दिवशी ती आइस्क्रीमच्या जुन्या डब्यात गंबो घेऊन आली. गंबो म्हणजे मांसाचा दाट रस्सा, भातावर घ्यायचा. दुसऱ्या डब्यापासून झाकणावर चिकटपट्टी असायची, तिच्यावर महिना, आत काय आहे ते, आणि माझं नाव, शुभा, फ्रेंच वळणानं लिहिलेलं.

सिद्धेश केकमधलं अंडं तेवढं खातो. मी तेही नाही. तिला सांगितलं नाहीस का, त्यानं विचारलं. ती विचारतेय कुठे, थेट हातातच देते, मी म्हणाले. मग फेकून दे यार, तो म्हणाला. मला टाकवेना. गॅरेजमध्ये घरमालकाचा आडवा फ्रीझर होता, त्याच्या तळाशी मी डबा ठेवला.

दुसऱ्या दिवशी ओडीलनं कुंपणापलीकडून विचारलं, "सॅ बाँ?"

"सॅ बाँ," मी म्हणाले.

माझं फ्रेंचमधलं पहिलं वाक्य.

त्या शुक्रवारी पोर्चवर चौथी खुर्ची आली.

मी तिथे बसून शब्द शिकले. चमचा. डास. उकाडा. ओडील बोटानं वस्तू दाखवायची, सावकाश म्हणायची, मी चुकले की पुन्हा म्हणायची. मला 'शा' म्हणायची, आपण 'बाळा' म्हणतो तसं. बहिणींना काहीतरी अभिमानानं सांगायची. ते वाक्य मला जुलैत कळलं: ही आपल्यासारखं जेवते. कळल्यावरही मी होकारार्थी मान हलवली.

जून. ससा.

मीही तिला काहीबाही नेऊन द्यायची. करंज्या तिला आवडल्या. लिंबाच्या लोणच्याची फोड मात्र तिनं तोंडात घातली आणि काढून सरळ रुमालात ठेवली. हे नको, शा, म्हणाली, आणि माझ्या कपात कॉफी ओतली. त्यानं काही झालं नाही. कुणाचीही खुर्ची हलली नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलं. आणि पुढच्या डब्याला पुन्हा: सॅ बाँ.

सप्टेंबरात वादळ आलं. छप्पर राहिलं, वीज गेली. तिसऱ्या दिवशी लोकांनी रस्त्यावर गॅसच्या शेगड्या मांडल्या. वाया जाण्याआधी सगळ्यांच्या फ्रीझरमधलं बाहेर काढायचं आणि एकत्र शिजवून खायचं, अशी तिथली रीत. ओडील आमच्या दारात आली. आमच्याकडे काही नाही, मी म्हणाले. काहीतरी असतंच, असं हसत म्हणत ती थेट गॅरेजमध्ये गेली आणि मी पोचायच्या आत तिनं झाकण उचललं.

अकरा डबे. खाली पाणी साचलेलं.

एकेक डबा काढून ती वॉशिंग मशीनवर ठेवत गेली. चिकटपट्ट्या वाचताना तिचे ओठ हलत होते. जूनचा डबा उघडून तिनं वास घेतला, परत झाकण लावलं.

"सॅ बाँ?" तिनं विचारलं. अगदी कुंपणापलीकडून विचारायची तसंच.

मी मांस खात नाही, कधीच खाल्लं नाही, असं मी इंग्रजीत म्हणाले.

"कुत्र्याला तरी घालायचंस," तीही इंग्रजीत म्हणाली. "माझा कुत्रा तुझ्या कुंपणाशीच तर बसलेला असतो."

आमच्यात अन्न टाकत नाहीत, मी म्हणाले. ते वाक्य त्या वासात तसंच उभं राहिलं.

डबे छातीशी धरून ती बाहेर नेऊ लागली. मी एक उचलायला गेले तर तिनं माझ्याकडे न बघता तो माझ्या हातातून काढून घेतला. चार फेऱ्या. रस्त्याच्या कडेला, बहिणींसमोर, तिनं एकेक डबा काळ्या पिशवीत रिकामा केला. बहिणींनी काहीतरी विचारलं. वीज गेली म्हणून बिचारीचं सगळं खराब झालं, ती म्हणाली. एवढं फ्रेंच मला येत होतं.

नंतर तिनं माझ्या हातात ताट दिलं.

"नुसता भात आहे," ती म्हणाली. इंग्रजीत.

पुढच्या शुक्रवारी पोर्चवर चार खुर्च्या होत्या. बहिणी फ्रेंच बोलत होत्या. माझ्याशी ओडील इंग्रजीत बोलली, स्वच्छ, सावकाश, पाहुणीशी बोलावं तसं. डास चावला तेव्हा मी डासाला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते म्हटलं. तिनं इंग्रजीत विचारलं, फवारा आणू का.

मार्चमध्ये, दारात उभं राहून, पहिला डबा हातात देण्याआधी तिनं मला विचारलं होतं, तुम्ही मांस खाता ना, आणि मी हो म्हणाले होते.