जीभ, हृदय आणि एक ठिपका

मित्रांनो, माझ्या अंगावर अवघी दोन अक्षरं आहेत आणि त्यांच्यापायी एका माणसाचा हात मोडला. इराकमधल्या किरकूकच्या जुन्या बाजारात, किल्ल्याच्या पायथ्याशी, भाजलेल्या मांसाच्या दुकानावर मी पाटी म्हणून टांगलेली असे. तेलाच्या डब्याचा पत्रा ठोकून मला सपाट केलं, हिरवा रंग चढवला आणि जुमा पेंटरनं एका दमात पांढऱ्या रंगात, अरबी लिपीत लिहिलं, ‘दिल’.

दुकान दोघांचं. शुकूर तुर्कमान, रेबवार कुर्द. शुकूरच्या बोलीत दिल म्हणजे जीभ. रेबवारच्या बोलीत, तुमच्या ओळखीचंच, हृदय. शेगडीवर दोन्ही भाजलं जाई, त्यामुळे भांडायचं कारण नव्हतं.

“तुझ्या अरबीत काय अर्थ रे याचा?” शुकूरनं जुमाला विचारलं होतं.

“काही नाही. पण पहिल्या अक्षरावर एक ठिपका दिला, की झाली मानहानी!”

“मग हात आवर, बाबा!” तिघंही पोट धरून हसले. पुढची नऊ वर्षं लोक मान वर करून माझं कौतुक करत गेले.

मग गावात ‘हे शहर कोणाचं’ याची धुसफूस सुरू झाली. एक दिवस कोणी कारकून वही घेऊन पाट्या टिपत आला. “भाषा कुठली?”

“तुर्की लिहा,” शुकूर म्हणाला.

“कुर्दी लिहा. जीभ काय, कुत्र्यालाही असते.”

“आणि हृदय गाढवाला नसतं वाटतं?”

“रकाना एकच आहे,” कारकून कंटाळून म्हणाला. शुकूरचा आवाज मोठा होता. कारकुनानं तुर्की लिहिलं.

त्यानंतर दोघं एकमेकांकडे पाठ करून मांस कापू लागले. “सरकारदरबारी ठरलं, ही जीभ आहे,” असं शुकूर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवी. चौथ्या सकाळी रेबवार आधी आला. स्टुलावर चढला आणि शेगडीतल्या गार कोळशानं माझ्या पहिल्या अक्षरावर त्यानं ठिपका दाबला.

“जीभ तर जीभ. घे, चाट आता,” तो दात खाऊन पुटपुटला.

दुपारी अरब गिऱ्हाइकं खिदळत आली. “काय शुकूर, मानहानी गरम आहे का?”

शुकूरनं वर पाहिलं आणि त्याचं डोकं फिरलं. “जुमा! हा ठिपका त्याच्याच डोक्यातला!”

तेव्हा रेबवारनं तोंड उघडायला हवं होतं. तो खाली मान घालून सळईत तुकडे ओवत राहिला. शुकूरनं जुमाला गल्लीतून फरफटत आणलं.

“अरे, देवाशप्पथ, मी नाही! काळ्या रंगाचा डबा महिनाभर उघडलेला नाही!”

मांस ठेचायचा दांडा त्याच्या उजव्या हातावर पडला. एकदा नव्हे, तीनदा. मी वरून सगळं पाहिलं. मला सगळेच वाचतात, माझं ऐकत कोणी नाही.

आठवड्यात भागीदारी मोडली. शुकूरनं मला खाली ओढून कोळशाच्या पिंपावर झाकण म्हणून टाकलं. रेबवारनं समोरच दुकान थाटलं आणि पाटीसाठी जुमाला बोलावलं. जुमा आला. ब्रश डाव्या हातात होता.

“काय लिहू?”

रेबवारला त्याच्याकडे बघवेना. “तो ठिपका मी दिला होता, जुमा.”

“शुकूरला सांगितलंस?”

“नाही.”

जुमानं रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट दाबलं. “तुला जीभही नाही, हृदयही नाही. तुझ्या पाटीवर काय लिहिणार मी?” आणि तो निघून गेला.

रेबवारची पाटी अजून कोरीच आहे. शुकूर अजूनही जुमाला पाहून थुंकतो. आता माझ्या अंगाला गंज लागला आहे, लवकरच अक्षरंही जातील. मित्रांनो, एखादा शब्द झोंबला, तर हात उगारण्याआधी विचारा, ‘तुझ्या भाषेत याचा अर्थ काय?’ आणि खरं ठाऊक असेल, तर सळईत तुकडे ओवत बसू नका.