बाहेरची तार

एखाद्याच्या वस्तूला हात लावण्याआधी विचारायचं असतं, हे त्या शांघायच्या संगीत विद्यालयात शिकवत नाहीत काय? मिआओ म्हातारीचा हा सवाल सकाळपासून शेगडीला विचारून झाला, दारातल्या बदकांनाही विचारून झाला. ज्या पोरीला विचारायचा ती वानछिंग समोरच बसून सणाचे तांदळाचे हिरवे गोळे खात होती.

कालच ती थडगी झाडायच्या सणाला म्हणून आली. आल्या आल्या तिने आजोबांचा अरहू, आतली नि बाहेरची अशा दोन तारांचं गजाचं वाद्य, भिंतीवरून काढला, त्याच्या खालच्या नळ्यावरची राळ पात्याने खरवडून टाकली आणि आजीच्या हातच्या रेशमी तारा काढून पोलादाच्या चढवल्या.

"केवढा मळ साचला होता, आजी!"

"मळ? चाळीस वर्षं थेंब थेंब राळ वितळवून सोडलीय तुझ्या आजोबाने तिथे. त्यावरून गज फिरायचा. तुमच्यासारखा राळेची वडी घेऊन गज घासत बसायचा नाही तो. उद्या माझ्या सुरकुत्याही खरवडशील!"

"पोलादाचा आवाज मोकळा येतो गं. वरचे सूर नीट लागतात. रेशीम दमट हवेत ढिलं पडतं."

"ढिलं पडतं ते वाजवणाऱ्याचं मनगट. रेशीम चढव."

वानछिंगने निमूट रेशीम चढवलं. म्हातारीने काडी ओढली आणि नळ्यावर राळेचा नवा थेंब पाडला. आज खुर्चीचा प्रश्न होता. कालव्यापलीकडच्या चहाघरात रोज दुपारी वादक मंडळी जमत. त्यातला कुणी गेला की त्याची खुर्ची रिकामी ठेवायची, आणि तिसऱ्या सणाला त्याच्या घरच्या कुणी त्याच्याच वाद्यावर वाजवून दाखवायचं. जमलं तर खुर्ची घरात राहते, नाहीतर परक्याची. म्हातारीच्या नवऱ्याला, श्वए बोछिंगला, जाऊन आज तिसरा सण. मुलगा वातानुकूलन यंत्रं विकायचा आणि त्याचा कान त्या यंत्रांइतकाच थंड. उरली ही पोर.

दोघींची नाव धुक्यातून निघाली. काठावरचे विलो पाण्यात केस सोडून बसलेले, पलीकडे मोहरीची पिवळी शेतं अर्धी दिसत होती, अर्धी नव्हती. म्हातारीचे डोळे मिटत होते. या पाण्यावरून तिने किती दुपारी त्याचा अरहू ऐकला होता! खिडकीत बसून ती रेशमाचे पदर वळायची, आणि पलीकडून सूर यायचा, कुणी अनवाणी पायाने पाण्यावरून चालत यावं तसा. शाळा तिने दोनच हिवाळे पाहिली, पण तो सूर आपल्या बोटांतून गेलाय हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. चहाघरात मात्र ती कधी गेली नाही. "माझ्या तारा जातात, तेवढं पुरे," म्हणायची.

आज पहिल्यांदा ती त्या उंबऱ्याच्या आत आली. बासरीवाल्या चुंग भावोजींनी तिला खिडकीशी बसवलं.

"वहिनी, वाट चुकलात की काय?"

"तुमची बासरी अजून चुकते का, बघायला आले."

मंडळी हसली आणि वाजवायला लागली. इथली रीत अशी की एकाने सूर भरला की दुसऱ्याने जागा सोडायची. वानछिंगला जागा सोडणं ठाऊक नव्हतं. पोलादावर दाबायच्या सवयीने तिने रेशीम दाबलं, ओढलं, वर चढली, आणि बाहेरची तार ताडकन तुटली. बासरी थांबली. वाफेत सगळ्यांचे चेहरे तरंगत राहिले. वानछिंगच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

म्हातारीने तोंड उघडलं, पण चुंग भावोजी तिच्याआधी उठले. रिकाम्या खुर्चीमागच्या फडताळातून त्यांनी चहाचा एक गंजका डबा काढला. आत पोलादाच्या तारेची वेटोळी होती.

"लाव, पोरी. आजोबांच्याच आहेत."

"कुणाच्या?" म्हातारीने विचारलं.

भावोजींनी आधी बासरी पुसली, मग घसा साफ केला. "वहिनी, रागावू नका. शेवटची बारा वर्षं दादा आले की बाहेरची रेशमी तार उतरवायचे आणि ही चढवायचे. घरी जाताना पुन्हा तुमची. बोटं थकली होती त्यांची, रेशमावर वरचे सूर ठरत नव्हते. मी म्हटलं, सांगून टाका घरी. तर म्हणाले, तिच्या हातच्या तारेला नाव ठेवण्यापेक्षा रोज दोनदा तार बदललेली परवडली."

"आणि आतली?"

"आतली तुमचीच. तिला कधी हात लावला नाही."

बारा वर्षं! आणि आपण गल्लीभर सांगत फिरलो की पोलाद म्हणजे तव्यावर सुरी घासणं. म्हातारीने खिडकीकडे तोंड केलं आणि डोळे मिटून घेतले.

वानछिंगने पुन्हा गज उचलला. आता ती भीतभीत वाजवत होती, म्हणून आपसूक जागा सुटत होत्या आणि बासरी त्या जागांत पाणी शिरावं तशी शिरत होती. आतली तार खाली जाड, उबदार, म्हाताऱ्याच्या छातीतल्या घरघरीसारखी. बाहेरची तिच्यावरून उजेड सरकावा तशी निघाली. आणि धुकं, शेतं, खिडकीतली रेशमाची रिळं, सगळं एकाच पाण्यात हलू लागलं. हाच. हाच तो सूर, अनवाणी चालत येणारा. निम्मा तिचा होता, निम्मा तिच्यापासून लपवलेला.

सूर थांबला तेव्हा चहा निवला होता. भावोजींनी नवा पेला भरून वानछिंगपुढे सरकवला. मंडळींच्या मनाचं ठरलं होतं. आता सगळे म्हातारीकडे पाहत होते, कारण घरच्या मोठ्या माणसाने होकार दिल्याशिवाय त्या खुर्चीत कुणी टेकत नसे.

म्हातारीने नाक पुसलं, डोळ्यांत धूर गेल्यासारखं तोंड केलं आणि नातीकडे वळली.

"सुरुवातीला मिजास केलीस, नंतर भ्यायलीस. भ्यायल्यावर बरं वाजवलंस. बस त्या खुर्चीत. बाहेरची तार तुझ्या बाजारातली चालेल. आतली मात्र घरची लागेल, आणि मी काही शंभर वर्षं वळत बसणार नाही. विद्यालयात कळव, आठ दिवस येत नाही म्हणून. उद्यापासून माझ्यासमोर बसून रेशीम वळायचं, आणि पहिल्या दहा तारा मी फेकून देणार आहे, तेव्हा रडायचं नाही."