अंबुशीचा वाफा

आम्रपाली चिखलीच्या वनस्पती उद्यानात पोरांना झाडं शिकवते. पद्धत एकच: आधी पान चावायचं, मग नाव विचारायचं. हेच बघायला पुढच्या महिन्यात देशोदेशीचे उद्यान-शिक्षक येणार, म्हणून ठेकेदार हिंदुरावांनी सकाळीच सगळीकडे तणनाशक मारलं. पोरं पहिल्यांदा चावून बघतात त्या आंबट पानांच्या अंबुशीच्या वाफ्यावरसुद्धा.

"अहो मॅडम, तणच ते! परदेशी पाहुण्यांपुढं शोभा झाली असती," ते शाबासकीच्या आशेनं म्हणाले.

तोवर महाळुंग्याच्या शाळेची पोरं वाफ्याशी पोचली होती.

"थुंका! कशाला हात लावू नका!" आम्रपाली ओरडत धावली.

पोरं घाबरून थबकली. त्यांच्यातल्या साक्षीचे ओठ मात्र हिरवे झाले होते. तिला कडेवर घेऊन आम्रपाली रिक्षाकडे पळत सुटली, तर ती कानात सांगत होती, "मॅडम, आज सगळ्यांच्या आधी मी खाल्लं."