मिश्रीची डबी

अंजूचे पुढचे दात पिवळे, खडबडीत होते आणि कडेनं झिजत चालले होते. चार वर्षांची पोर हसताना तोंडावर हात धरायला शिकली होती, आणि हे शिकवलं होतं तिच्या आजीनं, सारजाबाईनं. पाली गावच्या नळावर सारजाबाई भेटेल त्या बाईला सांगायची, "माय बिस्किटं चारती न् मोबाइल बघत बसती. नासले दात पोरीचे." सून वनमाला तिथंच घागर भरत उभी असायची. ऐकून ऐकून तिला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं, आणि याचीच तिला जास्त चीड यायची.

शेवटी ती पोरीला बीडला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. सारजाबाई हट्टानं सोबत आली. सुनेची चूक डॉक्टरच्या तोंडून ऐकायची संधी ती कशाला सोडेल?

डॉक्टरीणबाईंनी दात पाहून पहिलं हेच विचारलं, "पोर दिवस भरून झाली होती का?"

"न्हाई, सातव्यात झाली," वनमाला म्हणाली. "लई बारकी व्हती. दवाखान्यात काचंच्या पेटीत ठेवलती."

"मग नुसत्या बिस्किटांवर खापर फोडू नका. दुधाच्या दातांचं कवच आईच्या पोटातच बनायला लागतं. बाळ लवकर आलं, वजन कमी भरलं, की ते कच्चं राहू शकतं. आपण लेप लावू, दात वाचवू." मग त्यांनी विचारलं, "पोटुशी असताना तंबाखू, मिश्री काही?"

वनमालानं सासूकडे पाहिलं. सारजाबाई कौतुकानं म्हणाली, "म्याच द्यायची की! मळमळ थांबती तिनं."

"आजी, तंबाखूनंही बाळ लवकर येऊ शकतं, बारकं राहू शकतं."

"आमाला न्हाई काई झालं ते!" सारजाबाई फणकारली.

घरी आल्यावर वनमालानं चुलीवर चहा ठेवला. तेवढ्यात दारातल्या ओट्यावर सारजाबाईनं भाजक्या तंबाखूच्या मिश्रीची डबी उघडली, बोट काळं केलं आणि लाडानं हाक मारली, "ये अंजू, मिश्री लावते. दात घट्ट व्हतेत बघ."

वनमालाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिनं धावत जाऊन सासूचं मनगट धरलं, डबी हिसकावली आणि थेट चुलीत रिकामी केली.

"सासूचा हात धरती व्हय गं?"

"धरते, आत्या. ही पोटात व्हती तवाच धरायला पायजे व्हता. आन् उद्या नळावर डॉक्टरीणबाईचं बोलणं तुमीच सांगायचं. न्हाईतर म्या सांगते, वरडून."

अंजू तोंडावर हात धरून दोघींकडे बघत होती. वनमालानं आधी तो हात खाली केला.