अर्धी दाढी

दुखणं हत्तीच्या पावलांनी येतं आणि मुंगीच्या पावलांनी जातं म्हणतात. बापूंची मुंगी तर वाटेतच डुलकी घेत असावी. चौकात एका व्हॅनने त्यांना उडवलं, उजव्या दंडाचं हाड तीन ठिकाणी मोडलं. हाड जुळलं, पण आतली नस दुखावलेलीच राहिली. सात महिने झाले तरी उचललेलं मनगट थोड्या वेळाने आपोआप खाली पडायचं. दुसऱ्या कुणाचं कसंबसं निभावलं असतं. पण बापूंचं दाढी-कटिंगचं दुकान, आणि त्यांचा सगळा मान वस्तऱ्यावर.

व्यायाम शिकवणाऱ्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "नस रोज साधारण एक मिलिमीटर वाढते, काका. धीर धरा."

"म्हणजे दाढीपेक्षा बरी की!" बापू म्हणाले. "हळू वाढणाऱ्या गोष्टीवरच आजवर पोट भरलंय माझं. धरतो धीर."

तोंडाने म्हणाले खरे, पण धरणं सोपं नव्हतं. रोज चेंडू दाबायचा, टेबलाच्या कडेला हात ठेवून मनगट वीसदा वर-खाली करायचं, आणि मग फुग्याला साबणाचा फेस लावून त्यावर वस्तरा फिरवायचा. पहिल्या आठवड्यात डझनभर फुगे फुटले. आतून बायको ओरडायची, "कितवं गिऱ्हाईक गेलं?"

दुकान तीच सांभाळत होती. मशीनने केस कापायला ती शिकली, पण दाढीवाल्यांना हात जोडून परत पाठवायची. बापूंना ते बघवत नसे. महिनाअखेरपर्यंत एक तरी दाढी जमली नाही तर दुकान सोडायचं, असं त्यांनी तिला सांगून टाकलं. एरवी शब्दाला शब्द लावणारी ती, त्या दिवशी खाली मान घालून फरशीवरचे केस झाडत राहिली. बापू मनातून हादरले.

शेवटच्या आठवड्यात फुगे फुटायचे थांबले. पण माणसाचा गळा म्हणजे फुगा नव्हे. बसणार कोण? मेहुण्याने तर नेमकं तेव्हाच दाढी वाढवायचं मनावर घेतलं.

बसले ते बापूंचे वडील, आबा. एकेकाळी ही खुर्ची त्यांचीच होती आणि बापूंना धंदाही त्यांनीच शिकवला होता. ऐंशी ओलांडलेले आबा आठ दिवसांचे पांढरे खुंट घेऊन, काठी टेकत सकाळी दुकानात आले, स्वतःच गळ्यात टॉवेल अडकवला आणि म्हणाले, "कर."

"आबा, कातडी सैल झालीय तुमची. सगळ्यात अवघड दाढी तुमचीच."

"मग? सोप्यापासून सुरुवात करायला तू काय नवशिका आहेस? आणि मी फुग्यासारखा फुटणार नाही. फार तर बोंबलेन."

बापूंनी फेस लावला, डाव्या हाताने कातडी ताणली आणि कानशिलापासून वस्तरा खाली आणला. फेसाखालून स्वच्छ पट्टा निघाला. मग दुसरा. उजवा गाल झाला, हनुवटीपर्यंत आले, आणि बोटं जड झाली. बापूंनी वस्तरा उचलून बाजूला नेला. त्यानंतर मनगट खाली पडलं आणि वस्तरा फरशीवर खणखणला.

"संपलं, आबा," बापूंनी वाकून डाव्या हाताने वस्तरा उचलला. "उरलेली हिला मशीनने करायला सांगतो."

आबांनी आरशात पाहिलं, उजव्या गालावरून तळवा फिरवला. "कापलं कुठे?"

"नाही."

"हात दमला हे हाताआधी तुला कळलं. आधी गाल सोडलास, मग हात पडला. एवढं शिकवायला मला चार वर्षं लागली होती. ते शाबूत आहे, गाढवा. ताकद काय, येईल मागून."

बायको मशीन घेऊन पुढे आली. "हात लावू नकोस, सूनबाई," म्हणत आबांनी फेस पुसला, काठी उचलली आणि तशाच अर्ध्या दाढीने रस्त्यावर निघाले.

"आबा, लोक हसतील!"

"हसू देत. कुणी केली हे तर विचारतील?"

आणि विचारलंच. औषधाच्या दुकानापाशी, चपला शिवणाऱ्यापाशी, बँकेच्या पायरीवर म्हातारा थांबत होता आणि पोराच्या परीक्षेचा निकाल दाखवावा तसा उजवा गाल पुढे करून दाखवत होता. दारात उभ्या बापूंना हसावं की रडावं कळेना. दोन्ही एकदम आलं.

"आबा!" त्यांनी सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी हाक मारली. "उद्या दहाला या. डावी बाजू करतो."