मुळासकट काढलेली गाठ

माझा फोटो स्टुडिओ आहे. रडक्या पोरांना हसवून त्यांचे फोटो काढण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. मग कवटीच्या तळाशी, कानामागे गाठ निघाली. सर्जननी ती मुळासकट काढली आणि माझा अर्धा चेहरा लुळा पडला. आता मी कॅमेऱ्यामागून डोकं वर काढलं की हसरी पोरंसुद्धा आईला बिलगतात. "चेहऱ्याची नस गाठीला चिकटलेली होती, इलाज नव्हता," असं सर्जन म्हणाले होते. त्या एका वाक्यावर मी इतकी वर्षं ढकलली. इलाजच नव्हता म्हटल्यावर डाफरायचं कुणावर?

परवा त्यांनी मला डॉक्टरांच्या परिषदेला बोलावलं. नवऱ्याला कोण कौतुक! "अगं, तुला मंचावर बसवणार आहेत!" म्हटलं, बसवू देत, तेवढीच शोभा.

मंचावर माझ्या शेजारी एक तरुण मास्तर होता. गाठ तशीच, जागा तीच, ऑपरेशन यंदाचं. चेहरा मात्र शाबूत. सर्जन रंगात आले होते. नसेला चिकटलेला गाठीचा पापुद्रा हल्ली ते तसाच ठेवतात, वाढलाच तर किरण देतात. हत्यार नसेजवळ गेलं की यंत्र वाजतं आणि हात थांबतो.

"यंत्र तेव्हाही होतं हो," ते हसत म्हणाले. "पण पीं पीं करून डोकं उठवायचं. आम्ही आवाजच बंद करून टाकायचो! गाठ सगळी काढली म्हणजे मर्दुमकी, असं वाटायचं."

सभागृह खो खो हसलं. पहिल्या रांगेतला माझा नवराही हसला. त्याला उशिरा कळलं. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

"आता दोघांनी जरा हसून दाखवा," सर्जन म्हणाले.

मास्तर छान हसला. टाळ्या पडल्या. मी समोरचा माईक ओढला.

"डॉक्टर, माझ्या वेळी आवाज बंद होता का?"

"ताई, तुमचं ऑपरेशन यशस्वीच झालं होतं. गाठ परत आली का? नाही ना?"

"ते नाही विचारलं मी. आवाज बंद होता की नव्हता?"

त्यांनी समोर बसलेल्या डॉक्टरांकडे पाहून मान हलवली, खाली वाकले आणि माझ्या माईकचं बटण दाबलं. हात चांगला सरावलेला होता.