उजव्या हँडलचा आरसा

मी आरसा बोलतोय. घरातला नाही आणि भांग पाडायचाही नाही, जरी मरोळ नाक्याच्या सिग्नलला किती अनोळखी माणसांनी माझ्यात डोकावून केस नीट केले असतील याची गणती नाही. मी मोटरसायकलच्या उजव्या हँडलवरचा आरसा. एक काळी दांडी, तिच्यावर तळहाताएवढी काच.

मी भित्रा आहे, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे जे सांगेन त्यातलं किती खरं आणि किती माझ्या भीतीचं, हे तुमचं तुम्ही ठरवा. मला ते कधी नीट ठरवता आलेलं नाही.

माझी काच फुगीर आहे. तिच्यात रस्ता जास्त मावतो, पण सगळं लहान आणि लांब दिसतं. म्हणून कारखान्यात माझ्या तळाशी इंग्रजीत एक बारीक ओळ छापली: वस्तू दिसतात त्याहून जवळ आहेत. माझा स्वभाव तेव्हाच ठरला असावा. जन्मतःच ज्याच्या कपाळावर असं वाक्य लिहिलं, तो निर्धास्त कसा राहील?

मी आणि माझा डावा जुळा भाऊ एकाच खोक्यातून आलो. आम्हाला जोआनाच्या नव्या गाडीवर बसवलं. जोआना मरोळ गावठाणातली. तिच्याकडे सांधे आणि स्नायूंच्या व्यायामाची पदवी आहे. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन ती त्यांचे आखडलेले गुडघे, खांदे हलते करते. सकाळी अंधेरी, दुपारी कांदिवली, मध्ये कुठेही. गाडीशिवाय हे काम व्हायचं नाही. गाडी आली त्या दिवशी तिच्या वडिलांनी, लिओनार्डनी, फादरांना गावठाणातल्या खुरीसापाशी, म्हणजे क्रुसापाशी, बोलावून तिच्यावर पवित्र पाणी शिंपडून घेतलं. एक थेंब माझ्या काचेवर राहिला. त्यातून मला खुरीस वाकडा दिसला, आणि मी उगाच दचकलो.

तुम्ही मुंबईकर आरशांशी कसे वागता ते मी जवळून पाहिलं आहे. कुणी आम्हाला काढूनच ठेवतात, गाडी देखणी दिसते म्हणून. कुणी आमच्यावर हेल्मेट लटकवतात. आणि दोन रिक्षांच्या फटीतून गाडी काढायची असली, की सगळेच आम्हाला कान पिरगळल्यासारखे आत मुडपतात. जोआनाही मुडपायची. फट पार झाली की पुन्हा बाहेर. एका संध्याकाळी साकीनाक्याच्या अलीकडे तिने मला मुडपलं, फट पार केली आणि बाहेर काढायला विसरली.

त्यानंतर मला फक्त तिच्या जाकिटाची चेन दिसत होती. मागून टेम्पो आला तो मी पाहिलाच नाही. आवाज मात्र ऐकला. गाडी डाव्या अंगावर पडली, भावाचा चुरा झाला, जोआनाचं खांद्याजवळचं हाड मोडलं. रस्त्यावर आडवा पडून मी पहिल्यांदा वर पाहिलं. मेट्रोच्या पुलाची खालची बाजू. तिथून काही पडेल का, याचीही मला भीती वाटली.

हाड जुळलं. भावाच्या जागी कुर्ल्याहून दुसरा आरसा आला. तो कायम थरथरतो. लिओनार्डनी माझ्या दांडीला त्यांच्या आईची रोझरी, प्रार्थनेची माळ, गुंडाळली. गाडी रस्त्यावर आली, पण जोआना पहिली राहिली नव्हती.

ती आता माझ्याकडेच बघायची. सिग्नलला, वळणावर, सरळ रस्त्यावर, सतत. तिचे डोळे काचेत येत आणि जात नसत. इतकं महत्त्व मला कधी मिळालं नव्हतं आणि मला ते सोसत नव्हतं. कारण ती माझ्यात बघत असताना समोर कोण बघत होतं? मी तर मागे तोंड करून. एका सकाळी चर्चच्या उतारावर समोरची भाजीची गाडी तिने शेवटच्या क्षणी पाहिली. टोमॅटो सांडले. भाजीवाला तिला काहीबाही बोलला आणि ती टोमॅटो वेचत राहिली.

त्या दिवशी घरात ठरलं की गाडी विकून टाकायची. कांदिवलीचा मावसभाऊ कीथ घ्यायला तयार होता. लिओनार्ड तर सुटल्यासारखे झाले. जोआनाची आई मॉनिका मासे साफ करता करता म्हणाली, "बापलेक सारखेच. ही गाडीला घाबरते, तो हिच्यापायी घाबरतो. कामाला कशी जाईल, ते कोणी विचारत नाही."

जोआनाने मग एका शिकवणीचं नाव काढलं. घोडबंदरच्या पुढे लहान गाड्यांच्या शर्यतीचा एक ट्रॅक आहे, तिथे रविवारी नवख्यांना मोटरसायकल चालवायला शिकवतात. लिओनार्डना ते पटेना. रस्त्यावर जिचे हात कापतात तिने ट्रॅकवर जाऊन काय करायचं, हा त्यांचा प्रश्न, आणि मला तो रास्त वाटला. तिने समजावलं, ही शर्यत नाही, शाळा आहे. शेवटी सौदा झाला: रविवारी शिकूनही भीती गेली नाही, तर सोमवारी कीथ गाडी नेईल.

गाडी तिथवर टेम्पोत घालून नेली. टेम्पोत! दोरांनी बांधलेल्या अवस्थेत माझी रस्ताभर काय गत झाली असेल, ते कल्पनेवर सोडतो.

शिकवायला प्रबुद्ध सर होते. बारीक अंगाचे, आवाज मोठा. त्यांनी आल्या आल्या सगळ्यांना नट खोलायचे पाने वाटले. दिव्यांवर टेप लावा आणि आरसे काढा.

जोआनाने पाना हातात घेतला आणि तशीच उभी राहिली. "सर, मुडपले तर नाही चालणार?"

"मुडपायचे नाहीत, काढायचे. पडलीस तर काच कोण वेचणार? आणि ही माळ पण काढ. लोंबणारं काही नको."

"मग मागून कोण येतंय ते कसं कळणार?"

"नाही कळणार. कळायची गरज नाही. इथे नियम एकच आहे. मागून येणारा पुढच्याला सांभाळतो. पुढच्याने मागे बघायचंच नाही."

"आणि त्याने नाही सांभाळलं तर?"

सर हसले नाहीत, हे मला आवडलं. "मी त्याला ट्रॅकवरून हाकलतो. पण तोपर्यंत तुला विश्वास ठेवावा लागेल. तेच अवघड आहे, माहितेय मला."

माझी दांडी फिरू लागली. आटे सुटत गेले आणि मी गाडीपासून वेगळा झालो. तिने मला माळेसकट वडिलांच्या हातात दिलं. वडिलांचा हात घामाने ओला होता.

पहिली फेरी वाईट गेली. सगळे हळू चालवत होते, तरी जोआना प्रत्येक वळणावर बाहेर फेकली जाई, एकदा तर टायरांच्या भिंतीपाशी जाऊन थांबली. ती परतल्यावर सरांनी विचारलं, वळणावर उजव्या हँडलकडे काय बघतेस?

"तिथे आरसा होता."

"आता काय आहे?"

"काही नाही."

"मग काही नाहीकडे बघून वळतेस होय? अगं, डोळे जातात तिथे गाडी जाते. वळण संपतं तिथे बघ. हात आपोआप येतात मागून."

लिओनार्ड हे ऐकत होते. दुसरी फेरी सुरू व्हायची वेळ झाली, तेव्हा त्यांनी आपली प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि ट्रॅककडे पाठ करून मांडली. त्यांना बघवेना. न बघता बसवेना. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून रुमाल काढला, माझी काच पुसली आणि मला डोळ्यांसमोर धरलं.

त्यांच्या खांद्यावरून मला ट्रॅक दिसला. नारंगी शंकू, वाळलेलं गवत, आणि लांबच्या वळणावर एकामागोमाग एक येणाऱ्या गाड्या. जोआना मधली. मी सवयीने तिचे डोळे शोधू लागलो. आता ते माझ्याकडे येतील, येऊन थांबतील, आणि गाडी बाहेर जाईल. गाडी कलली. हेल्मेट वळलं. पण माझ्याकडे नाही, पुढे, वळण संपतं तिथे. ती आमच्या मागून गेली आणि काचेबाहेर झाली. जन्मभर मी मागे पडलेलं दाखवत आलो. त्या क्षणी मीच मागे पडलो होतो.

पुन्हा आली. पुन्हा गेली. लिओनार्डचा अंगठा माळेच्या मण्यांवरून सरकत होता. तिसऱ्यांदा ती वळणात शिरली, आणि तिच्या अगदी मागे असलेल्या निळ्या गाडीचं पुढचं चाक मला डगमगताना दिसलं. जवळ. दिसत होतं त्याहून जवळ. मला ओरडायचं होतं. आरशाला ओरडता येत नाही, त्याच्यात कुणीतरी बघावं लागतं, आणि तिच्या हँडलवर मी नव्हतो.

पत्रा खरवडल्यासारखा आवाज झाला. लिओनार्ड उठले, खुर्ची पडली, आणि ते धावत सुटले. मी माळेच्या टोकाला लोंबकळत होतो. आभाळ, चप्पल, गवत, पुन्हा आभाळ. काही म्हणता काही कळेना. इंजिनं एकेक करून बंद होत गेली. त्या शांततेइतकं मी आयुष्यात कशालाच घाबरलो नाही, त्या टेम्पोलाही नाही, कारण टेम्पो येताना मला माहीतच नव्हता.

मग आवाज आला. "पप्पा, आरसा फोडाल. नीट धरा ना."

ती गाडीवर होती, पाय टेकून, दोन्ही हात हँडलवर. निळी गाडी मागे गवतात आडवी पडली होती. तिचा चालक उठून पँट झटकत सरांची बोलणी खात होता.

जोआनाने हेल्मेट काढलं. ओठ पांढरे पडले होते. "मागे काहीतरी पडलं. ऐकलं मी. तसाच आवाज, पप्पा, त्या दिवशीसारखा." तिने हेल्मेट टाकीवर ठेवलं. "मी बघितलं नाही. वळण पूर्ण केलं."

लिओनार्डना दम लागला होता. त्यांनी मला वर धरून दाखवलं, जणू पुरावा. "मागचं बघायला मी होतो ना, बाय."

कीथला फोन तिथूनच झाला. तो खट्टू झाला, असं मला वाटतं.

मी पुन्हा उजव्या हँडलवर आहे. लिओनार्डनी स्वतः आटे आवळले, त्यामुळे जरा वाकडा बसलो आहे आणि आभाळ गरजेपेक्षा जास्त दाखवतो. माळ आता त्यांच्या खिशात असते. जोआना कामाला जाते. फट पार झाली की मला बाहेर काढायला आता विसरत नाही.

माझी भीती गेलेली नाही. माझ्या वयाच्या काचेची भीती जात नसते. मागून येणारा प्रत्येक टेम्पो मला अजून तोच वाटतो. तुमच्याही गाडीवर माझा कुणी भाऊबंद असेल. त्याला मुडपून विसरू नका, एवढं मागणं आहे. आणि त्याच्यात मुक्कामही करू नका. तिचे डोळे आता माझ्यात येतात, टेम्पो बघतात आणि लगेच निघून जातात. ते गेले की मी एकटा पडतो, मागच्या सगळ्या रस्त्यासमोर. तेवढं घाबरणं माझ्याकडे राहू द्या. पुढे तुम्ही बघा.